नानांसाठी मी सायकल हळू चालवली

मंडळी, आज सकाळी एरंडोलच्या सायकल ग्रुपबरोबर पहिल्यांदाच निघाले आणि पद्मालयाच्या गणपतीला जाऊन आले. पाय ठणकताहेत, पण हसू त्याहून जास्त येतंय.

गाव संपलं तशी सगळी मंडळी भुर्रकन पुढे गेली. मागे उरलो मी आणि नाना, ग्रुपमधले सगळ्यात वयस्कर. मला वाटलं, नानांना दम लागला असणार. त्यांना एकटं कसं सोडायचं? म्हणून मी वेग कमी केला. त्यांनीही केला. चढावर मी उतरून चालायला लागले, तर तेही उतरले.

"नाना, सावकाश या, मी आहे," मी धीर दिला.

"हा माय, तू चाल. मी शे मांगे."

वाटेत थांबून माझ्या बाटलीतलं पाणीसुद्धा त्यांना आग्रहाने पाजलं.

देवळापाशी पोचलो तेव्हा बाकीच्यांचा चहा कधीच झाला होता. "एवढा उशीर?" कुणीतरी विचारलं. मी हळूच म्हणाले, "नानांना चढ झेपत नव्हता हो." सगळे खो खो हसले. मग कळलं, नव्या माणसाच्या मागे राहायचं काम ग्रुपने नानांकडेच दिलंय. त्यांनी पुढे जायचंच नसतं!

"नाना, सांगायचं ना मग!"

"इतली माया करी राहिंती तू," नाना म्हणाले, "कसं सांगू?"

तुम्हीही कधी कुणाला सांभाळून नेलंय का, आणि मागाहून कळलंय की सांभाळत तर तेच होते?