रिंगेचे माप

१९९५ सालच्या दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. इसार दोनशे रुपये. हजर तिघे: डॉक्टरीणबाई, त्यांच्या दवाखान्यातली सिस्टर आणि मी. ठिकाण बीडमधले माझे काटे-तराजू दुरुस्तीचे दुकान. एकूण सहाशे ठरले, वस्तू पसंत पडली तर. नाही पडली तर इसार परत. ही अट मीच घातली होती.

त्या वर्षी किराणा दुकानदार लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे घेऊ लागले होते. दिवसभरात एखादा पितळी तराजू दुरुस्तीला आला तरी बरे वाटायचे. म्हणून काम काय आहे ते पुरते ऐकण्याआधीच मी हो म्हटले. मग ऐकले आणि बराच वेळ ऐरणीकडे बघत बसलो.

बायकांचे अंग बाहेर येते. डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या सरळ सांगितले की मला दुकानाचे दार लोटावेसे वाटले. ओझी वाहून, बाळंतपणानंतर लगेच कामाला लागून गर्भाशय खाली सरकते. ज्यांना ऑपरेशन नको असते त्यांना आत एक रबरी रिंग बसवतात, ती आधार देते. रिंगा निरनिराळ्या मापांच्या येतात. कोणती बसेल ते बोटांच्या अंदाजाने ठरवायचे. लहान पडली तर निसटते, मोठी झाली तर रुतते.

"एकेका बाईला तीन-तीन रिंगा घालून बघते मी," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी बाई येतच नाही. मला आत जाऊन उघडणारं आणि बाहेर माप दाखवणारं काहीतरी करून द्या. हातात मावेल असं."

"मी वजनाचा माणूस आहे, बाई."

"मग मापाचे व्हा. आणि खाली बघू नका, ऐरण लाजायला लागली."

सिस्टर तोंडाला पदर लावून हसली.

माझे घर नेकनूरला. सकाळच्या गाडीने बीडला, संध्याकाळच्या गाडीने परत. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरात मी आणि बायको. चार वर्षांपासून ती माजघरात वेगळी झोपत होती. तिचे माहेर धर्मापुरी. तिथे भाच्यांची दोन लग्ने झाली, दोन्ही वेळा मी एकटा जाऊन आहेर देऊन आलो. "मला एस्टीत बसवत न्हाई," एवढेच ती म्हणायची. मी दुसरे काही विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे असे मला वाटत होते: तिला माझ्याबरोबर जायचे नव्हते. जेवताना ती वाढायची, मी जेवायचो, आणि भाकरी हवी का याखेरीज दिवस दिवस आमच्यात शब्द होत नसे.

पहिला नमुना मी पितळी पट्टीचा केला. सांडशीसारखा. मध्ये खिळा, पुढे दोन पाती, मागे दोन मुठी. खिळ्यापासून दोन्हीकडचे अंतर सारखे ठेवले की पुढे जेवढे उघडेल तेवढेच मागे उघडते. मागच्या बाजूला एक वाकडी पट्टी जोडून तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा मारल्या. पट्टी खरे बोलते का ते तपासायला मला ठरावीक आकाराची कडी हवी होती. शोधून शोधून कासाराकडे गेलो आणि सव्वादोन इंचांपासून तीनपर्यंत प्रत्येक मापाची एकेक बांगडी घेतली. बांगडीच्या आत पाती उघडायची, पट्टीवरचा आकडा वाचायचा.

हे मी एका रविवारी घरी ओसरीवर बसून करत होतो. बायको धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवून जवळ आली.

"कासाराचा धंदा काढला का काय आता?"

"डॉक्टरीणबाईंचं काम आहे."

"बांगड्या डॉक्टरीणबाईंला?"

तिने ते यंत्र हातात घेतले, मुठी दाबून सोडल्या. मी आत स्प्रिंग बसवली होती, त्यामुळे पाती खटकन उघडली. ती दचकली.

"हे आत घालायचं हाय ना? बायकांच्या?"

मी मान हलवली आणि रिंगेचे थोडक्यात सांगितले.

"मग असं खटकन उघडून कसं चालंल? जीव जाईल की. सावकाश उघडलं पायजे, जिथं दुखंल तिथं थांबाया आलं पायजे." बोट फिरवून म्हणाली, "अन् ही टोकं. सुईणीची नखं परवडली."

मी पेन्सिल घेतली. तिने पुढचे सांगितले ते माझ्या डोक्यात कधीच आले नसते. "झोपून माप घेतेत का उभ्यानं? झोपल्यावर सगळं वर जातंय, बाई चांगली दिसती. उभं राहून हंडा उचलला की येतंय खाली. झोपूनच माप घेतलं तर रिंग इहिरीवर पडंल."

"म्हणजे मूठ वाकडी हवी. उभ्याने घेता येईल अशी."

"ते तुमचं तुमी बघा. अन् हे बारीक आकडे कुणाला कळत्यात? सव्वादोन, अडीच, पावणेतीन असं ल्ह्या. बाईला आपलं माप आपल्या तोंडानं सांगता यील."

मी सगळे लिहून घेतले. स्प्रिंग काढून त्या जागी काट्याचा बारीक स्क्रू, म्हणजे अंगठ्याने हळूहळू फिरवता येईल. टोके गोल. मूठ खाली वाकवलेली. पट्टीच्या एका बाजूला मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला बांगडीची मापे. मला फार आनंद झाला होता. कितीतरी महिन्यांनी आम्ही इतके बोललो होतो. ती पुन्हा सुपाकडे गेली तेव्हाही मी मूठ किती वाकवायची त्याचाच हिशोब करत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभा होतो. रस्ता उखडलेला होता, प्रत्येक खड्ड्याला बसलेली माणसे सीटवरून उडून खाली आदळत होती. एक बाई जागा मिळूनही टेकत नव्हती, अर्धी उठून हातांवर भार घेऊन बसली होती. माझी बायको देवळाच्या पायरीवर अशीच बसायची. घरी पाटावर अशीच. मग एकामागून एक सगळे जुळत गेले: एस्टी, माजघर, भरलेला हंडा दोन ठिकाणी टेकवून घरात आणणे. पिशवीत तो नमुना होता. बीड येईपर्यंत मी त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलो.

संध्याकाळी घरी आल्यावर विचारले, "कधीपासून?"

कशाबद्दल, हे तिने विचारले नाही. "धाकटीच्या टायमाला. तिसऱ्या दिशी पाण्याला गेलते. पयलं थोडंच होतं."

"कुणाला सांगितलं होतंस?"

"सासूबाईंला. त्या म्हणल्या, बाईच्या जातीला असतंच. त्यांलाबी होतं."

"उद्या चल माझ्यासंगं बीडला."

"तुमच्यासंगं न्हाई." ती चुलीतले लाकूड मागे ओढत होती. "तुमीच केलेलं अन् तुमीच दाराशी उभे ऱ्हानार? मी जाईन कवातरी, शेजारनीसंगं. अन् मला इचारू नका."

डॉक्टरीणबाईंनी पितळ नको म्हटले, उकळून वापरायचे होते. भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे चार डाव घेतले, त्यांचे दांडे कापून दुसरे यंत्र केले. सिस्टरने बांगडीची मापे वाचून "अगं बाई" म्हटले, आणि त्यावर त्या दोघी हसल्या. उभ्याने माप घ्यायची युक्ती कुणाची, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. मी म्हणालो, घरातून सुचली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि उरलेले चारशे मोजून दिले.

नंतर दोन महिने मी घरात काही विचारले नाही. तिने सांगितले नाही. संध्याकाळी परत आलो की ती दिवसभर कुठे गेली होती का, हे तिच्या चपलांवरच्या धुळीवरून ओळखायचा प्रयत्न करायचो. नेकनूरला सगळीकडेच धूळ. जेवण पूर्वीसारखेच चाले. दुकानातही शांतता होती. ते यंत्र देऊन टाकल्यावर हाताला काम उरले नव्हते.

मग एका सकाळी ती नवे लुगडे नेसून पिशवी घेऊन ओसरीवर आली.

"धर्मापुरीला चालले. धा दिस ऱ्हाईन. पीठ दळून ठिवलंय."

"मी येऊ?"

"तुमी काय करताव तिथं?"

बीडपर्यंत आम्ही एकाच गाडीने आलो. तिच्या शेजारी जागा होती, तिथे मी बसलो. बीडला तिला धर्मापुरीकडे जाणाऱ्या परळीच्या गाडीत बसवून दिले. ती खिडकीशी बसली, पाठ टेकून, मांडीवर पिशवी घेऊन, इतर बायका बसतात तशी. तिच्या बांगडीचे माप मला ठाऊक होते, सव्वादोन. दुसरे माप कोणते निघाले ते विचारावेसे वाटले. विचारले नाही. ते आजही मला माहीत नाही.

खिडकीखाली उभे राहून म्हणालो, "पैसे किती झाले? देऊन टाकतो."

"दिले मी. तीस रिंगचे, वीस तपासनीचे."

"कुठून?"

"शेरडाचं एक पिल्लू इकलं. आता सरका मागं, गाडी सुटती."

डॉक्टरीणबाईंकडून मला पोचले ते सहाशे. माझ्या घरातून डॉक्टरीणबाईंना गेले पन्नास, बायकोच्या हातून.