बटणांचं बारसं

माझ्या नणंदेइतकं भांडखोर माणूस अख्ख्या चिखली तालुक्यात नसेल, आणि माझ्यासाठी त्यांच्याइतकं कुणी भांडलेलंही नाही. अमडापूरच्या बाजारात ताई नुसत्या वांग्यांकडे बघतात, तरी भाजीवाला आपणहून किडकी वांगी बाजूला काढतो. माझी नजर गेली, शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा येणारे-जाणारे माझ्याशी हलक्या आवाजात बोलू लागले. ताई मात्र होत्या तशाच ओरडत राहिल्या. लग्नात माझ्या शेजारी बसून सगळं सांगायच्या, "नवरदेवाची मावशी आली. साडी भारी हाय, पन तोंड उतरेल हाय," आणि ते मावशीपर्यंतही पोचायचं.

दुपारी त्या मला कादंबऱ्या वाचून दाखवत. एकदा फोनवर मैत्रिणीजवळ मी एका कादंबरीच्या गोड शेवटाचं कौतुक केलं, तर ती म्हणाली, "अगं, नायिका तर बाळंतपणात जाते!" मी ताईंना विचारलं. "जाते," त्या म्हणाल्या. "पन तुले काऊन सांगू? तुह्या मांगं आधीच कमी हाय का?" मला हसू आलं, रडूही आलं. म्हटलं, "ताई, मेलेलं माणूस मला मेलेलंच वाचायचंय. माझं मला वाचायचंय."

पडद्यावरचं बोलून दाखवणारा फोन माझ्याकडे होता. जिल्ह्यातल्या एका वाचनालयानं जुनी पुस्तकं वेबसाइटवर ठेवलीही होती, पण ते पानांचे नुसते फोटो. बोट फिरवलं की फोन म्हणायचा, "चित्र. चित्र. बटण, नाव नाही." ताईंनी ते ऐकलं आणि मला हाताला धरून थेट चिखलीला नेलं, ती वेबसाइट करणाऱ्या तरुणाच्या ऑफिसात. त्याला काही कळायच्या आत त्याच्या डोळ्यांवर दस्ती बांधली, माझा फोन हातात दिला. "उघड पुस्तक." तो बिचारा बोट फिरवत राहिला.

"मावशी, काहीच समजून नाही राह्यलं."

"हाव? मंग इले कसं समजन?"

त्यानं दस्ती काढली. फोटोतला मजकूर अक्षरांत आणावा लागेल, बटणांना नावं द्यावी लागतील, असं काहीसं तो ओशाळून सांगू लागला. "मंग ठेव ना बे नावं! बारशाले काय पायजे, घुगऱ्या?" पुढच्या खेपेला ताईंनी खरंच डबाभर घुगऱ्या नेल्या. त्यानंही मन लावून काम केलं. मशीननं काढलेल्या मजकुरात चुका फार होत्या. त्या सुधारायला ताई चष्मा लावून वाचनालयात जाऊन बसू लागल्या, तिथल्या ग्रंथपालाशी ऱ्हस्व-दीर्घावरून भांडू लागल्या. ती बाळंतपणाची कादंबरीही त्यांनीच तपासली. घरी येऊन म्हणाल्या, "मले पटलं नाही, पन जसंच्या तसं राहू देलं."

ती मी दोन बैठकांत वाचली. शेवटाशी पोचले तेव्हा खूप रडले. वाटेल तिथं थांबत होते, मागं जाऊन पुन्हा ऐकत होते, आणि मधे कुणी नव्हतं.

आता दुपारी ताईंना माझ्याकडे तसं काही काम उरलेलं नाही. तरी त्या येतात. मी कानाला फोन लावून वाचत असते, आणि त्या पलंगाच्या कडेला कापसाच्या वाती वळत बसतात. एक शब्द बोलत नाहीत. ताईंना इतका वेळ गप्प बसायला किती कष्ट पडत असतील, ते फक्त मला ठाऊक आहे.