कोबीच्या शेतातला मुका सीन

पडद्यावर वू आजी कोबी कापत होत्या आणि आवाज शून्य. मी केबल बदलली, बॅकअप फाइल उघडली. तरी शून्य.

मेई शेजारी बसून बघत होती. या डॉक्युमेंटरीची ती डिरेक्टर. चीनमधल्या तिच्या आईच्या गावी राहून तिने शेतकऱ्यांचं रोजचं जगणं शूट केलं होतं. मी मेलबर्नमध्ये साउंड एडिटर आहे. चित्रावर आवाज नीट बसवणं हे माझं काम. हा फिल्मचा शेवटचा सीन, शुक्रवारी डिलिव्हरी, आणि नेमकं रेकॉर्डरचं कार्ड खराब निघालं.

"म्युझिक टाकू. नो वरीज," प्रोड्यूसर ग्रँट म्हणाला.

"मग ती टुरिझमची जाहिरात होईल," मेई म्हणाली.

"फोली करू," मी म्हटलं. फोली म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींचे आवाज आपण नव्याने करायचे. पावलं, दार, सुरी. डॉक्युमेंटरीतही चालतं, शेवटी पाटीवर तसं सांगायचं.

मी मेलबर्नजवळच वेरिबीला राहते. तिथून जवळच कोबी-फ्लॉवरचे मळे आहेत. ओळखीच्या एका मळेवाल्याने परवानगी दिली. मेई आईला घेऊन आली. आंटींचं लहानपण त्याच गावात गेलेलं. टॅबवर बघत त्या वू आजींच्या लयीत कापू लागल्या. कच्च. मग टोपलीत धप्प. मी माइक मातीजवळ धरला होता.

मध्येच पडद्यावर वू आजी ताठ उभ्या राहतात, वळतात आणि काहीतरी ओरडतात. फक्त ओठ दिसतात.

"नवऱ्याला जेवायला बोलवत असेल. आमच्याकडे अशी हाक मारतात," म्हणत आंटींनी हाक मारूनही दाखवली. माइक चालूच होता.

स्टुडिओत ग्रँटने ती हाक ऐकली आणि खुर्चीतून उठलाच. "हीच वापर! ओठांवर बसतेय. कुणाला कळणार?"

"वू आजींना."

"मेट, सुरी खोटी चालते, मग हाक का नाही?"

"कोबी कुणीही कापला तरी तसाच वाजतो. माणसाच्या तोंडात मी शब्द घालणार नाही. तुला घालायचाच असेल तर क्रेडिट्समधून माझं नाव काढ."

नाव गेलं असतं तर वाईट वाटलं असतं, पण मी मागे हटले नसते.

"आजींनाच विचारू या ना," म्हणत मेईने व्हिडिओ कॉल लावला. वू आजी अंगणात शेंगा सोलत होत्या. क्लिप बघून त्या इतक्या हसल्या की हातातल्या शेंगा सांडल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

मेईला हसू आवरेना. "कॅमेरामनला ओरडत होत्या. 'माझ्या कोबीवर उभा आहेस, गाढवा! बाजूला हो!'"

"फिल्ममध्ये ठेवू का, विचार."

आजींचं उत्तर तयार होतं. "ठेवा की. तुडवला तो माझाच कोबी."

मग त्यांनी तेच वाक्य फोनवर पुन्हा म्हटलं, या वेळी बहुधा जास्त रागाने. मी ते रेकॉर्ड करून ओठांवर बसवलं. खाली सबटायटल, आणि शेवटच्या पाटीवर हे आवाज नंतर घेतल्याची नोंद.

चॅनेलने फिल्म घेतली. पहिल्या शोला त्या वाक्यावर कॅमेरामन सोडून सगळं थिएटर हसलं. आजकाल ग्रँट हा सीन आपलीच आयडिया असल्यासारखा सांगतो. सांगू दे.

ओठ हलतायत आणि आवाज नाही, असं दिसलं की मी अंदाज करत बसत नाही. सरळ फोन लावते. आपण बसवलं असतं त्यापेक्षा खरं वाक्य सहसा चांगलं निघतं, आणि शिवी असली तर आणखीच.