पिल्लांचं पाणी

माझा नवरा इथे आखातात, बरका गावाजवळच्या एका पोल्ट्रीत सुपरवायझर आहे. नवी पिल्लं आली की पहिले काही दिवस त्यांच्या पिण्याच्या पाण्यात अँटिबायोटिकची पावडर घालायची, ही तिथली पद्धत. एकही पिल्लू आजारी नसलं तरी सगळ्यांना. हमरियातल्या आमच्या घरातही हाच कायदा. पुण्याहून येताना बॅगेत मेतकूट कमी आणि अँटिबायोटिक गोळ्यांच्या स्ट्रिप जास्त. शेजारी कुणी शिंकलं तरी नवरा गोळ्यांचा स्टीलचा डबा काढायचा. मी त्याला डॉक्टरसाहेब म्हणून चिडवायचे, आणि अंग कसकसलं की हात पुढे करायचे.

गेल्या हिवाळ्यात शेडमधल्या जाळीची तार त्याच्या उजव्या तर्जनीत घुसली. जखम एवढीशी. लगेच डब्यातल्या गोळ्या सुरू झाल्या. बोट मात्र सुजत गेलं, काळंनिळं झालं, ताप चढला. तरी हा म्हणतोय, कोर्स पूर्ण होऊ दे. माझं डोकं फिरलं. त्याला अक्षरशः ओढत हॉस्पिटलात नेलं.

जखमेतला पू तपासून झाल्यावर तिथल्या केरळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुर्गियों को कौन सी दवा देते हो?"

त्याने नाव सांगितलं.

"और खुद कौन सी खाई?"

नाव वेगळं निघालं, पण औषध त्याच कुळातलं.

"इस जर्म पर ये सब बेकार हैं," त्या म्हणाल्या. "शेड से ही आया, ये पक्का नहीं कह सकती. पर जहाँ बिना बीमारी के दवा पिलाते हैं, ऐसे जर्म वहीं पलते हैं. उँगली बचाने की कोशिश करते हैं."

दुसऱ्याच जातीचं इंजेक्शन लागू पडलं. हात वाचला, बोटाचं वरचं पेर गेलं. हॉस्पिटलात मी खंबीर होते. घरी त्याला डाव्या हाताने भात कालवताना पाहिलं आणि रडू फुटलं.

कामावर रुजू झाल्यावर त्याने अर्बाबला, म्हणजे पोल्ट्रीच्या मालकाला, हात दाखवला. म्हणाला, आजारी पडतील त्यांनाच औषध देऊ, तेही जनावरांच्या डॉक्टरला विचारून.

"और सब मर गए तो?" अर्बाबने विचारलं. मग त्या हाताकडे बघत म्हणाला, "इन्शाल्ला, देखेंगे."

पुढची पिल्लं आली तेव्हा पावडर पाण्यात पडलीच. मला भयंकर राग आला, पण नोकरी सोड म्हणायची हिंमत झाली नाही. आमचं घर त्याच पाण्यावर चालतं.

परवा लेकीला सर्दी झाली. सवयीने नवऱ्याने डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं आणि आखूड बोटाची पकड काही येईना.

"बाबा, मी ओपन करू?" लेकीने विचारलं.

त्याने आपल्या आखूड बोटाकडे पाहिलं. "नको," म्हणाला आणि डबा बाजूला ठेवला. मग बेसिनपाशी जाऊन त्याने साबणाने चांगले हात धुतले, आणि परत येऊन तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.