उजव्या कोपऱ्यातली चौकट

टेरेझा डिमेलो गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने, लिडियाने, मंगळवारी सकाळी सव्वानऊला केला. बातम्या तपासण्याच्या नोकरीतून मी महिन्यापूर्वीच निवृत्त झालो होतो, तरी सवयीने पहिला प्रश्न तोच विचारला, "किती वाजता?" ती म्हणाली, "झोपेतच. डॉक्टर म्हणाले, पाचच्या सुमारास. अनंतदादा, ‘सुमारास’ लिहा हां, नाहीतर आंटी..." दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात पाच ओळी आल्या. परळच्या एका कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, वास्तव्य गिरगाव, मागे एक भाची. त्या पाच ओळींत चूक नव्हती. मॅडमनी हे वाक्य मला असं लिहू दिलं नसतं. "चूक सापडली नाही, असं लिही," त्या म्हणाल्या असत्या. या दोन वाक्यांमधला फरक त्यांनी आयुष्यभर शिकवला, आणि एकदाच, एका दुपारी, तो त्यांच्या हातून सुटला. त्या दुपारी मी तिथे होतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी परळच्या त्या कॉलेजात लालबाग, करी रोड, काळाचौकीची मुलं येत. बहुतेकांची घरं मूळची कोकणातली, बहुतेकांचे वडील गिरणीत असलेले किंवा गिरणी सुटलेले. तर्कशास्त्र घ्यायचं कारण एकच, पाठांतर कमी. मॅडम गिरगावातून बसने येत. फिकट रंगाचा फ्रॉक, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचे खडू. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, घरी मराठीच बोलणाऱ्या. वर्गातलं त्यांचं मराठी मात्र मोजून मापून असे. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि वर लिहिलं, ‘आज माझं चुकलेलं’. तासाला त्यांची चूक ज्याला सापडेल त्याने ती चौकटीत लिहायची, त्या खाली सही करणार. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मार्क कापणार काय?" त्या म्हणाल्या, "हो. माझे." चौकट रिकामी राहिली तर त्या स्वतः तिच्यात लिहीत, ‘अजून सापडली नाही’, आणि त्याखालीही सही करीत. ‘चूक नाही’ असं त्यांनी लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

शिकवण्याची त्यांची रीत आमच्या बाजूची होती. काळाचौकीचा राजन परब माझ्या शेजारी बसायचा. गणपतीच्या दिवसांत तो मंडळाच्या दाराशी स्वयंसेवकांना बिल्ले लावायचा. मॅडमनी त्यालाच उभं केलं. "समजा मंडळाने नियम केला. जे स्वतःचा बिल्ला स्वतः लावत नाहीत, त्या सगळ्यांना राजनने बिल्ला लावायचा, आणि फक्त त्यांनाच. आता राजनचा बिल्ला कोण लावेल?" एक मुलगी म्हणाली, "त्याची आई." मॅडम म्हणाल्या, "मग राजन स्वतः लावत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे राजननेच लावायला हवा." "बरं, राजनच लावेल." "मग तो स्वतः लावणाऱ्यांपैकी झाला. त्यांना लावायची राजनला परवानगी नाही." राजन म्हणाला, "मी बिल्लाच लावत नाय, जा." "तरी तू स्वतः लावत नाहीसच. पुन्हा तुलाच लावावा लागेल." वर्ग दहा मिनिटं भांडला. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ह्याला मंडळातून काढा." मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हेच उत्तर. असा राजन असूच शकत नाही. नियम ऐकायला सरळ वाटला म्हणून तो पाळता येतो असं नाही." याच कोड्यावरून गणिताचा पाया एकदा हलला होता, हे त्यांनी पुढच्या तासाला सांगितलं. पुढे कितीतरी दिवस कॉलेजात राजनला लोक ‘नसलेला परब’ म्हणत.

पुस्तक घेणं बहुतेकांना जमत नसे, म्हणून मॅडम स्वतःची टिपणं सायक्लोस्टाइल करून वाटत. पहिल्या पानावर दोन वाक्यं असत : ‘या टिपणांतलं प्रत्येक विधान मी तपासलं आहे आणि ते खरं आहे असं मी मानते. या टिपणांत कुठेतरी चूक आहे असंही मी मानते.’ राजनने हात वर केला. "मॅडम, ह्यातलं एक सोडावं लागेल." त्या म्हणाल्या, "कोणतं सोडू? तू एकेका विधानावर बोट ठेव, मी म्हणेन हे खरं. सगळ्यांकडे एकदम बघायला लाव, मी म्हणेन इतक्यांत कुठेतरी चुकले असेन. पहिलं सोडलं तर मला शिकवता येणार नाही. दुसरं सोडलं तर..." एवढं बोलून त्यांनी चौकटीकडे पाहिलं. राजन बसला. मला वाटतं, तर्कशास्त्र नीतीपाशी कुठे येऊन पोचतं हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा दिसलं, जरी तेव्हा आम्हाला ते असं सांगता आलं नसतं.

टिपणांत खरोखरच एक चूक होती. संचांच्या प्रकरणात, जुन्या प्रतीत, छापलं होतं की रिक्त संच हा प्रत्येक संचाचा घटक असतो. घटक नव्हे, उपसंच. मॅडम हे पिशवीवरून समजावीत : रिकाम्या पिशवीत असं काहीच नाही जे तुमच्या पिशवीत नाही, म्हणून ती तुमच्या पिशवीचा भाग धरता येते; पण तुमच्या पिशवीत उघडून पाहिलं तर आत एक रिकामी पिशवी ठेवलेली सापडेलच असं नाही. आमच्या आधीच्या वर्षी कुणीतरी ही चूक चौकटीत लिहिली होती. मॅडमनी सही केली, नव्या प्रती दुरुस्त केल्या. जुन्या मात्र परत मागवल्या नाहीत. आमच्या वर्षी नव्या प्रती सगळ्यांना पुरल्या नाहीत; राजनला त्याच्या वरळीच्या मावसभावाची जुनी प्रत मिळाली आणि मी ती राजनकडून हाताने उतरवून घेतली. वार्षिक परीक्षेत आम्ही दोघांनी ते चुकीचं विधान टिपणांतल्या त्याच उदाहरणासकट, शब्दाला शब्द, लिहिलं. आमचे क्रमांक लागून होते. पेपर तपासणाऱ्या दादरच्या परीक्षकांनी प्राचार्यांना कळवलं की एवढी सारखी चूक कॉपीशिवाय होत नाही. कॉपी ठरली तर परीक्षा रद्द. दोन्ही घरांत आणखी एक वर्ष शिकवण्याची ताकद नव्हती. आमचं कॉलेज तिथेच संपलं असतं.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. समोर प्राचार्य, उपप्राचार्य आणि ते परीक्षक; दाराजवळच्या बाकावर आम्ही दोघं. मॅडम पिशवीतून टिपणांच्या दोन प्रती घेऊन आल्या, जुनी आणि नवी, आणि दोन्ही तेच पान उघडून टेबलावर ठेवल्या. "ही चूक मुलांनी एकमेकांची नाही, माझी उतरवली. चूक माझी आहे." प्राचार्यांनी दोन्ही पानं शेजारी धरून पाहिली. त्याच टिपणांचं पुस्तक काढायला त्यांनी एक प्रकाशक मिळवून दिला होता. "मॅडम, हे लेखी नोंदवावं लागेल." "नोंदवा. जुन्या प्रती परत घेतल्या नाहीत, तेही नोंदवा." पुस्तक त्यानंतर आधी लांबणीवर पडलं, मग राहूनच गेलं. हे मला लिडियाने आत्ता सांगितलं. मॅडमच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

तिथवर त्यांचं प्रत्येक वाक्य पुराव्यावर उभं होतं. मग परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे या दोघांनी पेपरात कुठेही कॉपी केली नाही, असं आपण खात्रीने सांगता?" मॅडमनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं... किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग त्या समितीकडे वळून म्हणाल्या, "हो. केलेली नाही." आम्ही सुटलो.

पण सहाव्या प्रश्नाला मी माझी उत्तरपत्रिका राजनच्या बाजूला सरकवली होती. त्याने शब्द बदलून उतरवलं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मॅडमना ते माहीत नव्हतं. माहीत नसताना त्यांनी ‘नाही’ म्हटलं. पुरावा नाही, एवढ्यावरून घडलं नाही असं ठरत नाही, हे त्यांनीच आम्हाला वर्षभर घोटून दिलं होतं. पुढच्या वर्षाचे तास तेव्हा सुरू झाले होते; दुसऱ्या दिवशी तासाच्या शेवटी त्यांनी विचारलं, "आज काही?" खडू माझ्यापासून दोन हातांवर होता. मी उठलो नाही. राजनही उठला नाही. मॅडमनी चौकटीत लिहिलं, ‘अजून सापडली नाही’, आणि सही केली.

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. मॅडम आमचं दैनिक रोज वाचत आणि सकाळी फोन करीत. नमस्कार वगैरे नाही. "अनंत, पान तीन, दुसरा परिच्छेद. ‘सर्व रहिवाशांचा विरोध.’ सर्वांना विचारलंत?" अशा फोनांनी मला जेवढं शिकवलं तेवढं एकाही संपादकाने शिकवलं नाही. डेस्क माझ्याकडे आला तेव्हा मी दुसऱ्या पानावर खाली उजवीकडे चुकांच्या कबुलीची एक चौकट सुरू केली. ती तिथेच का, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही. राजनची करी रोडला रक्त तपासायची लॅब आहे. त्याच्या रिपोर्टात ‘आजार नाही’ असं कधी नसतं. ‘या तपासणीत आढळला नाही’ असतं. एकदा एका पेशंटने त्याच्याशी त्यावरून हुज्जत घातली, तेव्हा तो म्हणाला, "काका, आमच्या मॅडमची ऑर्डर आहे." त्यांचे विद्यार्थी मोठ्या पदांवर पोचले का, याचा हिशेब मी केलेला नाही. ‘माझं चुकलं’ हे चार लोकांत, आवाज न बदलता म्हणू शकणारी माणसं त्या वर्गातून बाहेर पडली. त्या वर्गात मी होतो याचा मला अभिमान आहे.

त्या जाण्याआधी नऊ दिवस मी गिरगावात त्यांच्याकडे गेलो. लाकडी जिना त्या आता उतरत नसत. स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलामागे एक छोटा फळा होता. निवृत्तीनंतर तो घरी आला आणि त्याच्याही उजव्या कोपऱ्यात चौकट. घरातल्या कुठल्याही चुकीला तिथे जागा होती. लिडियाने चहा आणि गरम फुगे ठेवले; हा तळलेला गोल पाव त्यांच्याकडे सणालाच होतो, पण मी येणार म्हणून केला होता. मी सांगून टाकलं. मॅडमनी फुगा अर्धा तोडून बशीत ठेवला.

"कोणता प्रश्न?"

"सहावा."

"किती दाखवलंस?"

"पाऊण पान."

"बरोबर होतं?"

"नाही. दोघांनाही शून्य."

त्या हसल्या. "म्हणजे माझी चूक तुम्ही वेगवेगळी केलीत आणि तुझी चूक मिळून." मग म्हणाल्या, "तेव्हा बोलला असतास तर मी परत जाऊन समितीला सांगितलं असतं."

"माहीत होतं. म्हणून बोललो नाही."

"मग आज का?"

मी म्हणालो, निवृत्त झालो, आता दुसऱ्यांच्या चुका तपासायला उरल्या नाहीत. त्यांनी उरलेला अर्धा फुगा माझ्या बशीत ठेवला. निघताना दारात म्हणाल्या, "राजनला सांग, नसलेला परब अखेर सहाव्या प्रश्नात सापडला."

त्या गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी लिडियाने बोलावलं. फळा तसाच होता. चौकटीत मॅडमचं अक्षर, जरा कापरं : ‘पुरावा नाही, यावरून घडलं नाही, असं म्हटलं. समितीसमोर.’ खाली सही. माझं नाव नाही, राजनचं नाही. "तुम्ही जिना उतरलात आणि आंटीने खडू मागितला," लिडिया म्हणाली, "मग हे पत्र लिहून घेतलं माझ्याकडून." तिने डब्यांच्या फळीवरून एक पाकीट काढलं. कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचं पत्र होतं : आपल्या साक्षीतलं एक विधान पुराव्यापलीकडे गेलं होतं, ते आपण मागे घेत आहोत. तिकीट लावलेलं होतं, टाकायचं राहिलं होतं. समितीतलं आता कुणीही हयात नाही. लिडियाने विचारलं, "टाकू का, की राहू दे?"

मी राजनला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. पलीकडे लॅबमधलं मशीन बंद झालं आणि तो म्हणाला, "टाक. आणि आपलाही कागद घाल आत. माझं नाव पूर्ण लिही, नायतर मॅडम वरून म्हणतील, पान तीन, दुसरा परिच्छेद." त्याच टेबलावर बसून मी लिहिलं : प्रश्न सहावा, पाऊण पान, दाखवणारा मी, उतरवणारा राजन परब. पाकीट चिकटवून जाता जाता गिरगावच्या पोस्टात टाकलं. उत्तर आलेलं नाही.

फळा लिडियाने पुसलेला नाही. मॅडमच्या सहीखाली चौकटीत दोन-तीन ओळींची जागा उरली आहे. हा लेख छापून येईल त्या दिवशी ती तो त्या टेबलावर वाचणार आहे. खडू तिथेच ठेवला आहे.