आधी तिने खाल्लं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर जपानी हॉटेलात जेवलो. सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

लेक गावापासून तासाभरावर, शहरात इंदिरानगरला राहते. तिला बढती मिळाली म्हणून तिने आम्हाला इगतपुरीकडच्या गावाहून बोलावलं आणि संध्याकाळी त्या हॉटेलात नेलं. एवढीशी खोली. एक लांब लाकडी फळी, अलीकडे सात-आठ खुर्च्या, पलीकडे आचारी. तो हातावर भात घ्यायचा, दाबून बोटाएवढा मुटका करायचा, वर माशाचा काप ठेवून समोर मांडायचा. सुशी म्हणतात त्याला.

"कच्चाच हाय मासा," मी म्हणालो.

"मग तुम्हीच खा. मला नको मांजराचा जन्म," ही म्हणाली. लेकीने तिच्यासाठी उकडलेल्या कोळंबीचे मुटके सांगितले.

माझा जन्म भातशेतीत गेला. त्या भाताला नावं ठेवायची असं ठरवूनच बसलो होतो. पण भात कोमट, शीत न् शीत अख्खं, तोंडात गेलं की मोकळं. दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

हिच्यापुढे कोळंबी आली तरी ही हात लावीना. लग्न होऊन आली तेव्हापासून ही माझ्याआधी जेवली नाही. मी उठायचो, मग ती गार भात घेऊन बसायची. सांगून बघितलं, ओरडून बघितलं. आमच्या आईनं असंच केलं, एवढंच म्हणायची. इथं तर आचारी मला एक, लेकीला एक, हिला एक असं वाढत होता. माझं कधी संपायचं आणि ही कधी खायची?

आचाऱ्याने हात थांबवले. "माँजी, अभी खाइए. रखने से चावल बिगड़ता है."

ही माझ्याकडे बघायला लागली.

"खा ना. तो थांबलाय तुझ्यासाठी."

"तुमचं अजून व्हायचंय."

"माझं लय वेळ चालंल. खा."

तिने पदर सारखा केला, माझ्याकडे पाठ केली आणि खाल्लं. दुसराही तसाच. तिसऱ्याला पाठ केली नाही. "काय बघताय?" म्हणाली. "ताजा भात चांगला लागतो हो." जसं काही मलाच माहीत नव्हतं.

रिक्षात मी म्हणालो, "आता घरी पण बरोबरच बसायचं."

"बघू. आधी तुम्ही भात लावायला शिका."

"उद्याच लावतो."

पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले.

सकाळीच तिला गावी आणलं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी दारात तीन दगड मांडून भात शिजवतात, तो तिरडीबरोबर जातो. भावकीतलं कुणीतरी ते करतं. पुतण्याने मडकं घेतलं होतं, ते मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

"काका, तुम्ही बसा."

"सरक," म्हणालो.

तांदूळ आमच्याच खाचरातला, पण पाणी किती घालायचं ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या वहिनींना विचारलं. तांदळाच्या वर बोटाचं एक पेर, त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. जाळ घातला, तिथंच बसून राहिलो. भात जरा चिकट झाला.

तिरडी उचलायची वेळ झाली. कुणीतरी म्हणालं, मडकं भाजंल, निवू द्या जरा.

मी ते फडक्यात धरलं आणि गरमच घेऊन निघालो.