ताईला डॉक्टरकडे न्यायला मला वीस वर्षं लागली

इथे बहुतेक सगळे ओळखीचेच आहात, म्हणून लिहितोय. आज सकाळी ताईला कुडाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. ताई आता चाळीशीची. विशीपासून ती कधी पोटभर जेवलेली नाही. घरात आम्ही त्याला तिचे उपास म्हणायचो. गेल्या आठवड्यात ती अंगणात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे आम्ही हललो.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी दाखवलं होतं?"

ताईच म्हणाली, "पहिल्या वर्षी मीच याला म्हटलं होतं, मला डॉक्टरकडे ने. हा म्हणाला, नाटकं करू नकोस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तर ते आठवतही नव्हतं.

डॉक्टरांनी मोठ्या शहरातल्या, अशा न जेवण्याच्या आजारावरच्या एका उपचार केंद्राला फोन लावला. इतक्या जुन्या आजाराचे रुग्ण आम्ही घेत नाही, असं उत्तर आलं. फोन ठेवून ते ताईला म्हणाले, "आजार जुना झाला म्हणून उपचाराचा हक्क जात नाही. दर आठवड्याला या. इथले फिजिशियन आणि मी मिळून बघू." ताईने मान हलवली.

गाडीत मी कारण विचारलं, "ताई, माका परत कित्याक नाय सांगलंस?"

"तू परत तसाच म्हणशीत म्हणान भियालंय."

त्या पहिल्या वर्षी ती स्वतःहून यायला तयार होती, आणि कदाचित तेव्हा तिला कोणी नाकारलंही नसतं.

तुमच्या घरात कोणी असं एकदाच काही सांगून गप्प झालंय का? आज त्यांच्याशी बोलाल?